पटावरचं नाव



आजचा श्लोक गीतेच्या सतराव्या अध्यायातला विसावा. सात्त्विक दान कशाला म्हणावं, ते सांगणारा. थोडक्यात अर्थ असा: द्यायला हवं म्हणून दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेलं, आणि जो परतफेड करणार नाही अशाला दिलेलं दान सात्त्विक. या शेवटच्या माणसासाठी भगवंतांनी वापरलेला शब्द आहे 'अनुपकारी'. काल रात्री वाचताना मी याच शब्दावर अडकलो, कारण मागच्या महिन्यात गावाकडच्या शाळेत एका आठवड्यात या शब्दाने मला चांगलंच अडचणीत आणलं होतं. आज तेच लिहितो. पोस्ट नेहमीपेक्षा लांब झालीय, सांभाळून घ्या.

आमचं गाव देवणी तालुक्यात. लातूर जिल्ह्याचं हे पूर्वेचं टोक, पलीकडे लगेच बीदर. येळवस म्हणजे वेळा अमावस्या ही आमच्याकडची खरी दिवाळी. पुण्या-हैदराबादला असलेली मंडळी दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण येळवशीला शेतात हजर असतात. यंदा ती १९ डिसेंबरला, शुक्रवारी होती. मी बुधवारी रात्रीच पोचलो आणि नाताळपर्यंत घरूनच काम करायचं ठरवलं. माझी ताई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा एका वस्तीवर, दोनशिक्षकी, तिसरी-चौथी एकाच खोलीत. ती म्हणाली, "सकाळी तुझ्या मीटिंगा नसतात ना? मग रोज एक तास ये वर्गावर. पोरांना नवा माणूस दिसला की पोरं बोलतात."

गुरुवारी गेलो. परिपाठ झाला, हजेरी झाली. मी पोरांना विचारलं, पुढच्या आठवड्यात नाताळ आहे, एक खेळ खेळू या का? आमच्या ऑफिसात दर डिसेंबरला होतो तोच, सीक्रेट सांताचा. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची. ऑफिसात मर्यादा पाचशे रुपयांची असते आणि सगळ्यांना मग नाहीतर सुगंधी मेणबत्ती मिळते. (माझ्याकडे चार मेणबत्त्या आहेत. दिवे गेले तर आठवडा निघेल.) इथे विकत काही आणायचं नाही, हाताने करायचं. पोरं एकदम खूश.

सवयीप्रमाणे मी फोनवर छोटासा प्रोग्राम लिहायला बसलो: कुणाला स्वतःचंच नाव येऊ नये, प्रत्येकाला एक मिळावी, प्रत्येकाने एक द्यावी. ताई हजेरीपटावरून नावं सांगत गेली. तेवीस झाली. वर्गात डोकी सतरा.

"बाकीची सहा?"

"ऊसतोडीला."

मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या भागातून, बीडमधून, नांदेडच्या कडेच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि लेकरं घरी सांभाळायला कुणी नसेल तर लेकरंही सोबत. परत येतात पाडव्याच्या आसपास. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेने बसवून घ्यावं म्हणून. काही ठिकाणी ते चालतंही. पण फड दर काही दिवसांनी हलतो, आणि मोठ्या पोराला कोपीवर धाकटं भावंड सांभाळायचं असतं.

मी सरळ म्हटलं, "ही सहा नावं काढून टाकतो."

"का?"

"लॉजिक बिघडतं. ती देणार नाहीत, मग इथल्या सहा जणांना काही मिळणार नाही. आणि त्यांच्यासाठी इथली पोरं करतील ते वाया जाणार."

ताई म्हणाली, "नाव पटावर आहे." एवढंच, आणि ती फळ्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी येळवस. शाळेला सुटी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत पांडव मांडून पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. ज्याला शेत नाही तो शेजाऱ्याच्या शेतात जातो. बांधावरून कुणी अनोळखी चालला असेल तरी त्याला हाक मारून बसवायचं, नाव-गाव पुसायचं जेवल्यावर. लहानपणापासून मला हे अनुपकारी दानाचं चालतंबोलतं उदाहरण वाटायचं. यंदा कोपीत बसलो आणि जेवताजेवता डोक्यात आलं की ऊसतोड्यांच्या झोपड्यांनाही कोपच म्हणतात. आमची एका दिवसाची, सणाची. त्यांची पाच-सहा महिन्यांची. ज्याला शेत नाही त्याला हक्काने बोलवायचा जो सण, त्या दिवशी शेत नसलेली निम्मी घरं गावातच नसतात. आम्ही बांधावर उभं राहून कुणाला हाक मारतो?

आंबील घशाखाली उतरेना वगैरे काही झालं नाही. दोन वाट्या प्यालो. पण रात्री ताईशी वाद घातला.

माझा मुद्दा साधा होता. श्लोकातच देश, काल आणि पात्र आहे. देणं जागेवर पोचायला हवं, वेळेत पोचायला हवं. जो माणूस समोर नाही, ज्याला आपण दिलं हे कळणारही नाही, त्याला दिलं असं म्हणताच येत नाही. ती एक भावना झाली, फार तर. शंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखं पुण्यस्थान, काल म्हणजे संक्रांतीसारखं पर्व, पात्र म्हणजे वेदवेदांग जाणणारा. म्हणजे आचार्यांनाही नेमकेपणा हवाच आहे. मी अगदी भाष्य वाचून दाखवलं. ताईने भांडी आवरता आवरता ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या अनुपकारीबद्दल काय लिहिलंय?"

तिथे आचार्य दोन अर्थ देतात. एक, परतफेड करायला असमर्थ असा माणूस. दोन, समर्थ असला तरी त्याच्याकडून अपेक्षा न ठेवता दिलेलं. मी वाचलं. ताई म्हणाली, "बरं. परतफेड म्हणजे फक्त वस्तू का रे? समोरचा हसला, थँक्यू म्हणाला, हीही परतफेडच ना? मग समोर असलेला कुणीच पूर्ण अनुपकारी नसतो."

मला उत्तर सुचलं नाही. आजही नीट सुचलेलं नाही. कारण हे खरं मानलं तर आपण करतो त्या जवळजवळ सगळ्या देण्याचं काय? ऑनलाइन पैसे पाठवले की आपल्याला अपडेट हवा असतो, त्या मुलीचा फोटो, तिचं पत्र. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, हिशेब विचारलाच पाहिजे, पैसे खाणारे कमी नाहीत. पण हिशेब वेगळा आणि तो फोटो बघून छातीत जे ऊबदार होतं ते वेगळं. दुसरं मिळावं म्हणून दिलं, तर ते उद्याच्या श्लोकात जातं, राजसात. ऑफिसातला तो खेळ तर सरळसरळ तिथलाच: पाचशे द्या, पाचशेचं घ्या.

शनिवारी सकाळची शाळा. २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबा १९५६ साली याच तारखेला गेले. पोरांनी खराटे घेऊन आवार झाडलं. मग चिठ्ठ्या. प्रोग्राम बाजूला राहिला. ताईने पटावरची तेवीस नावं कागदावर लिहून खाऊच्या डब्यात टाकली होती. सतरा पोरांनी सतरा उचलल्या. चार जणांना ऊसतोडीला गेलेल्यांची नावं आली. डब्यात सहा उरल्या, त्या आम्ही मोठ्यांनी घ्यायच्या असं ठरलं: ताईने दोन, दुसऱ्या सरांनी दोन, खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एक, मी एक. हा तोडगा मला गुरुवारी सुचला नव्हता. आमच्याकडे नावं कमी करायची सवय असते. देणारे वाढवावेत हे डोक्यात येत नाही.

माझ्या चिठ्ठीत चौथीतल्या एका मुलाचं नाव होतं. तो नव्हता. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

तिसरीतल्या एका मुलीलाही असंच एका गेलेल्या मुलाचं नाव आलं. तिने चिठ्ठी वाचली, दुमडली आणि ताईला म्हणाली, "बाई, त्यो आल्यावर दिते मी." तिला काही कोडंबिडं पडलंच नाही.

सोमवारी २२ तारीख, राष्ट्रीय गणित दिन. रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७चा. त्यांच्या नावाने सांगितला जाणारा जादूचा चौरस फळ्यावर काढला: पहिल्या ओळीत २२, १२, १८, ८७, म्हणजे त्यांची जन्मतारीखच. बेरीज १३९. खाली ८८, १७, ९, २५. तिसरीत १०, २४, ८९, १६. शेवटी १९, ८६, २३, ११. कुठूनही जा, आडवं, उभं, तिरपं, १३९. चौथीतली पोरं खडू घेऊन जमिनीवरच बसली. एकाचे दोनदा १४९ आले, हातचा जास्त धरला म्हणून, आणि शेजारच्या मुलीने त्याला न हसता तो दाखवून दिला. तास संपला तरी उठेनात. मला वाटतं माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत माझं ऐकून इतकं खूश कुणी झालं नसेल.

मंगळवारी प्रश्न आला, "सर, सांता कुठल्या गावचा?" मी सांगितलं, मायरा नावाच्या गावचा, आताच्या तुर्कस्तानात ते येतं. निकोलस नावाचे तिथले बिशप. गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती, तर त्यांनी रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. कोणी टाकल्या ते कळू नये म्हणून रात्री. या हाताचं त्या हाताला कळू नये असं आपण म्हणतो, येशूनेही तसंच शिकवलं आहे. आणि येशूची कथा मराठीत पहिल्यांदा मोठ्या ग्रंथात आली तीसुद्धा आपल्या ओवीत! फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं. ज्ञानेश्वरीची ओवी एका इंग्रज पाद्र्याला आपली वाटली, हे वाचकांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून इथे घुसडलं.

निकोलसच्या गोष्टीत देणारा लपलेला आहे. आमच्या वर्गात घेणारा दिसत नव्हता. मी दोन दिवस विचार करत होतो की यात अवघड कुठलं. लपून देणारा निदान खिडकीआड थांबून आत दिवा लागलेला पाहू शकतो. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. तिथे पन्नास वर्षांनी कोण पथारी टाकणार, हे त्यांना कसं माहीत असणार? त्या माणसाचा जन्मही झालेला नव्हता. माझा देश-काल-पात्राचा मुद्दा इथे गडबडला. पात्र आत्ता समोर हवं, असं श्लोक म्हणत नाही. ते मी माझ्या सोयीने घातलं होतं. शिवाय 'पात्र' शब्दाची आमच्याकडे एक वेगळीच सवय झालीय: पात्र लाभार्थी, अपात्र लाभार्थी, याद्या. ज्याचं कागदपत्र हजर तो पात्र. मी त्या सहा जणांना गुरुवारी दोन मिनिटांत अपात्र करून टाकलं होतं, तेही भेटकार्डासाठी.

आता माझ्या चिठ्ठीचं. त्या मुलाला काय द्यावं? कार्ड काढता येईना, चित्रकला बेताचीच. मंगळवारी रात्री एक कोरी वही घेतली आणि त्या आठवड्यात वर्गात जे जे झालं ते त्याच्यासाठी लिहायला बसलो. जादूचा चौरस, हातचा कसा धरायचा, मायराची गोष्ट. मोठ्या अक्षरात, सोप्या वाक्यांत. दुसऱ्याच पानावर कळलं की ही वही मी कुणासाठी लिहितोय.

मी चौथीत असताना माझ्या शेजारी बसणारा मुलगाही असाच दिवाळीनंतर गेला होता. तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असायची. वर्गात आम्ही दोघंच हुशार धरले जायचो, आणि खरं सांगायचं तर गणितात तो माझ्या पुढे होता. तो गेला तेव्हा मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. चैत्रात परत आला, वार्षिक परीक्षा तोंडावर होती. घरी येऊन त्याने माझी गणिताची वही मागितली. मी म्हटलं, वही सरांकडे आहे. वही आतल्या खोलीत दप्तरात होती. तो "बरं" म्हणून गेला. पुढच्या वर्षी टोळीबरोबर गेला तो शाळेत आलाच नाही. वहीमुळे झालं असं मी म्हणत नाही. उचल, कर्ज, घरातलं आजारपण, कारणं पुष्कळ असतील. पण वही आतल्या खोलीत होती.

तर मग मी हे जे लिहीत होतो ते दान होतं का? मला परतफेड हवी होतीच, फक्त त्या मुलाकडून नको होती. मला हलकं वाटायला हवं होतं. फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस, आणि मनःशांती हेही फळच. नामस्मरण करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे फळ सगळ्यात लाडकं. पैसा, नाव सोडायची तयारी असते, पण 'आतून छान वाटलं' हे सोडायची नसते.

बुधवारी, २४ तारखेला, साने गुरुजींची जयंती. पालगडला १८९९ साली जन्म. परिपाठात त्यांची प्रार्थना झाली. मला गुरुजींचं एक काम नेहमी आठवतं जे 'श्यामची आई'च्या सावलीत झाकून जातं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून ते सगळं उतरवून घेत होते साने गुरुजी. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो ती त्या लेखणीमुळे. जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी गुरुजींनी वही लिहिली, असंही म्हणता येईल.

आणि त्याच पुस्तकात सतराव्या अध्यायावर विनोबा एक वेगळी मांडणी करतात. जन्मताच माणसाबरोबर तीन संस्था येतात: सृष्टी, समाज आणि शरीर. आपण तिन्ही वापरतो, झिजवतो. सृष्टीची झीज यज्ञाने भरायची, शरीराची शुद्धी तपाने करायची आणि समाजाचं ऋण दानाने फेडायचं. दान म्हणजे उपकार नाहीच, आधी घेतलेल्याची फेड. हे वाचून मला आधी बरं वाटलं. ऋण फेडताना हलकं वाटलं तर त्यात पाप काय? हप्ता भरला की सगळ्यांनाच वाटतं.

पण मग पुढचा प्रश्न येतो आणि तो मला अजून सुटलेला नाही. ऋण एकाचं आणि फेड दुसऱ्याला, हे चालतं का? विनोबांच्या हिशेबात देणेकरी समाज आहे, म्हणून चालत असावं. पण वही मागायला समाज आला नव्हता. एक मुलगा आला होता, अनवाणी, आणि त्याला नाव होतं. कुणा दुसऱ्याच्या लेकराला वही दिली म्हणून त्याची मिटते असं मानणं मला फार सोयीचं आहे, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवायला कचरतोय. गावात चौकशी केली. त्याचं घर पडलंय, भाऊ सांगलीकडे असतो म्हणतात. नंबर मिळाला की फोन करीन. काय बोलणार ते माहीत नाही.

बुधवारी दुपारी खिचडीनंतर भेटी वाटल्या. कागदाची फुलं, रंगवलेला दगड, आगपेट्यांची बैलगाडी. मावशींनी ज्या मुलीची चिठ्ठी उचलली होती तिच्यासाठी चिंध्यांची बाहुली केली होती, ती बघून वर्ग दोन मिनिटं गप्प. गेलेल्या सहा जणांच्या भेटी कपाटावरच्या फळीवर मांडल्या. त्या तिसरीतल्या मुलीने चिखलाचा बैल केला होता. खडूने पांढरा, तोंडाच्या दोन्ही बाजू कोळशाने काळ्या. मी नुसतं "छान बैल" म्हटलं तर ती म्हणाली, "वानेरा हाय सर." देवणी जातीच्या बैलांत वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार असतात, त्या मुलाच्या घरी पूर्वी वानेरा होता, तो विकला, हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

ताई म्हणाली, याच्या वडलांच्या फोनवर बैलाचा फोटो पाठवू या. मी लगेच फोन काढला, उजेड बघून दोन फोटो घेतलेही. मुलगी नको म्हणाली.

"का गं?"

"फोटू बघून त्याला तिथं करमायचं नाही."

मी फोटो खोडले. खोडताना लक्षात आलं की एक मी माझ्यासाठी, या ब्लॉगवर टाकायलाच घेतला होता.

काल संध्याकाळी ताईचा फोन होता. बैलाचं एक शिंग पडलं, त्या मुलीने ओल्या मातीने पुन्हा बसवलंय. माझी वही फळीवर बैलाखालीच आहे. अकरा पानं झालीत, अकरावं अर्धं आहे, भागाकार राहिलाय. पाडव्याला गावी जाणार आहे, तोवर वर्गात पुढे जे झालं ते ताई रोज फोनवर सांगते आणि मी इथे दुसऱ्या वहीत लिहून ठेवतो.

उद्या श्लोक २१, राजस दान.

राम कृष्ण हरी.